हुक अडकवू कुठं?

एमबीए करून बाणेरच्या साइटवर सेफ्टी मॅनेजर म्हणून आले, तेव्हा १९९६चा बांधकाम कामगार कायदा मला तोंडपाठ! पोस्टर्स, दंड, रोज सकाळी टूलबॉक्स टॉक... सगळं झकास. तरी सातव्या मजल्याच्या कडेला बेल्टचे हुक नुसतेच लोंबकळत.

एका सेंट्रिंगवाल्याला झापलं, तर तो शांतपणे म्हणाला, ‘‘मॅडम, अडकवू कुठं?’’

बघते तर खरंच, लाइफलाइन बांधलेलीच नव्हती. ती बांधून घ्यायचं काम माझं, आणि दंड मी त्याला करत होते!

काम थांबवलं. स्लॅब एक दिवस पुढे गेला. बॉस फोनवर जे बोलले, ते इथे छापता येणार नाही. दंडाचे पैसे परत दिले.

हल्ली टूलबॉक्स टॉकमध्ये आधी ते बोलतात, मी लिहून घेते. कालची तक्रार: हेल्मेटचे पट्टे तुटलेत.