धडधड प्रेमाची की रक्त कमी झाल्याची?

सतरा वर्षांची मुलगी, आमच्या खडवलीचीच. कॉलेज कल्याणला, रोजची लोकल. (तिला व आईला विचारूनच लिहितोय.) आई म्हणाली, "डॉक्टर, रात्री दोनपर्यंत मोबाईलवर जपानी प्रेमकथा वाचते, चित्रांच्या. आणि छाती धडधडते म्हणते." मी म्हणालो, "मोबाईल कमी कर, वेळेवर झोप." नाडी मोजली नाही की डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली नाही. चूक माझी.

दीड महिन्याने ती स्टेशनच्या पुलावर चक्कर येऊन खाली बसली. यावेळी आईला बाहेर बसवून विचारलं. त्या कथांना 'शोजो मांगा' म्हणतात, म्हणजे मुलींसाठीची जपानी चित्रकथा. नायकाला पाहून नायिकेचं काळीज धडधडतं, त्या आवाजाला जपानीत 'डोकी डोकी' म्हणतात. (आपल्याकडे डोकी वेगळी!) पुलापलीकडे एक मुलगा रोज लोकलची वाट पाहत उभा असतो. "मला वाटलं, हे तेच," ती म्हणाली. म्हणून पायऱ्यांवर दम लागतो हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं.

हिमोग्लोबिन निघालं ८.२. या वयाच्या मुलीत ते १२ च्या वर हवं. पाळी सात-आठ दिवस, अंगावरून भरपूर जायचं. तेही कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा. हिमोग्लोबिन शरीरभर ऑक्सिजन पोचवतं. ते कमी पडलं की हृदय जास्त वेगाने धावून ती भरपाई करतं. तीच ही धडधड. तुमच्या मुलीला दम, चक्कर, थकवा असेल, माती किंवा खडू खावासा वाटत असेल, तर मोबाईलला दोष देण्याआधी रक्त तपासा. लोहाची गोळी चहासोबत नको, लिंबू सरबतासोबत चालेल. शौच काळी होते, घाबरू नका.

त्या कथा मीही वाचून पाहिल्या. या प्रकाराला वळण देणारी 'रिबन नो किशी' १९५३ साली काढणारे ओसामू तेझुका वैद्यकीय पदवीधर होते, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. 'नाना' मात्र २००९ पासून लेखिकेच्या आजारपणामुळे अर्धवटच आहे, त्याची चुटपुट तिच्याइतकीच मलाही.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.९. "आता पूल चढताना काही होत नाही," ती म्हणाली, "पण तो दिसला की होतं." त्यावर मी काही लिहून दिलं नाही. लोहाच्या गोळ्या मात्र अजून तीन महिने घ्यायला सांगितल्या, कारण शरीरातला साठा भरायला तेवढा वेळ लागतो.