ठोका नेमका कुठला?

ट्रकच्या इंजिनातून ठकठक आवाज येऊ लागला, की जमलेल्या प्रत्येकाजवळ निदान तयार असते. कुणी म्हणतो डिझेल खराब, कुणी म्हणतो बेअरिंग गेले. मालकाला मात्र कर्जाचा हप्ता दिसू लागतो. नोझल बिघडले असेल तर थोडक्यात भागते. बेअरिंग गेले असेल तर सगळे इंजिन उघडावे लागते.

पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या मामांचा ट्रक कणकुंबीत असाच थांबला. भरलेला माल गोव्याला न्यायचा, पुढे चोर्ला घाट.

"मेस्त्री, हळूहळू उतरतो की," मामा म्हणाले.

"नको मालक. बेअरिंग असलं तर रॉड तुटून ब्लॉक फोडील. घाटात इंजिन बंद पडलं, तर ब्रेकला हवा कोण देणार?"

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा पाचशे अंशांहून अधिक तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. नोझल फवारण्याऐवजी ठिबकू लागले, की जळण बिघडते आणि ठोका बसतो.

मेस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवले, मूठ कानाशी धरली. 1816 साली पॅरिसच्या डॉ. लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाची छाती ऐकली, तीच ही रीत. मग इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट त्यांनी सैल केला. तसे केले की त्या सिलिंडरचे डिझेल तुटते. तिसऱ्याला ठोका थांबला. पण भार हटल्यावर बेअरिंगचा ठोकाही दबतो. म्हणून त्यांनी इंजिन बंद करून तिसरे आणि पाचवे नोझल अदलाबदल करून बसवले. आता ठोका पाचव्यात! बेअरिंग काही जागा बदलत नाही. ऑइलचा दाबही ठीक होता. बेळगावहून नोझल आले आणि दुसऱ्या दिवशी ट्रक घाट उतरला.

1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 ट्रकांवर मात्र हा प्रयोग करू नये. नळीतला दाब वातावरणाच्या हजारपटीहून अधिक असू शकतो; धार कातडीत घुसते. तिथे संगणकच जोडावा. क्रम मात्र तोच, एकेक सिलिंडर तपासण्याचा.

मी इतिहास शिकवतो. एकेक पुरावा वेगळा करून पाहा, हे मुलांना सांगताना मला मेस्त्रींचा पान्हा आठवतो. अंदाज सांगणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. विनाकारण उघडलेल्या इंजिनाचे पैसे मालकालाच भरावे लागतात.