देवगाव फाट्यावर उतरताना

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने लांबच्या प्रवासाचा विषय काढला, की घरातील सगळेच एकदम डॉक्टर होतात. आपल्याही घरी तसेच घडत असेल. ‘फोनवर बोला की सगळ्यांशी,’ असे माझी सून म्हणाली आणि तिचे फारसे चुकत नव्हते. मला रक्तदाब आहे, लघवीची गोळी चालू आहे आणि गुडघ्यांविषयी तर बोलायलाच नको. तरीही मी फेब्रुवारीत जालना, मंठा या मार्गाने एसटीने देवगाव फाट्याला जाऊन आलो.

हा फाटा आमचा जुना ओळखीचा. राष्ट्रीय सेवा योजना 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. आम्ही महाविद्यालयात आलो तेव्हा तीही आमच्यासारखीच कोवळी होती. 1972 च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला होता आणि पुढच्या वर्षीच्या शिबिरांचा विषयच ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ असा होता. एसटीने आम्हांला या फाट्यावर सोडले आणि वळकट्या डोक्यावर घेऊन आम्ही सेलूच्या रस्त्याने चालत निघालो. दहा दिवस नाल्यावर मातीचा बांध घातला. मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरत नसे. पण घमेली हातोहात पुढे सरकवण्याची आमची साखळी कधी तुटली नाही.

त्या साखळीत माझ्या शेजारी उभा राहणारा मित्र आता स्मृतिभ्रंशाने आजारी आहे. यंदाच्या मेळाव्याला त्याला आणायला वहिनी आधी तयार नव्हत्या. नवी जागा, नवी माणसे त्याला सोसत नाहीत. तो घाबरतो, मग चिडतो. शेवटी त्यांनी होकार दिला तो एका अटीवर. ‘ओळखलंस का मला, असं कुणीही विचारायचं नाही.’ मी प्रवासाचा हट्ट धरला तो या भेटीसाठी. पुढच्या वर्षापर्यंत त्याच्या मनात काय उरलेले असेल, हे कोणी सांगावे?

प्रवासाविषयी थोडे सांगतो. वाटेत लघवीला कुठे जायचे या भीतीने पाणीच न पिणे, ही आपल्या वयाची फार जुनी खोड आहे. मी डॉक्टरांना आधीच विचारले. त्यांनी त्या दिवशी गोळी मुक्कामी पोहोचल्यावर घेण्यास सांगितले. आपण मात्र स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज असा बदल करू नये. औषधे खांद्यावरच्या पिशवीत होती, त्यांच्या नावांची चिठ्ठी खिशात. बसल्या जागी पावले वरखाली करीत राहिलो, मोठ्या स्थानकांवर वाहकाला सांगून उतरलो. पासष्ट वर्षांवरील प्रवाशांना एसटीत निम्मे भाडे पडते आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून तेही नाही. अर्धे तिकीट हातात आले तेव्हा शाळकरी वय आठवून हसू आले.

एका मित्राच्या शेतावरील घरी आम्ही नऊ जण जमलो. आणि वाचकहो, ज्याला ती अट सर्वांत नीट ठाऊक होती, त्यानेच ती मोडली. मित्र ओसरीवर बसला होता. मी जवळ गेलो, त्याचा हात धरला आणि तोंडातून निघून गेले, ‘ओळखलंस ना रे?’ त्याचा चेहरा क्षणात परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा झाला. त्याने हात सोडवून घेतला. वहिनी काही बोलल्या नाहीत, हे मला अधिक लागले.

थोड्या वेळाने मी पुन्हा त्याच्या शेजारी जाऊन बसलो. या वेळी स्वतःचे नाव सांगितले आणि बांधाविषयी, लाल भाकरीविषयी माझा मीच बोलत राहिलो. त्याने मध्येच विचारले, ‘गाडी कितीला आहे?’ मी म्हटले, ‘पाचला.’ दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. आता तो माझ्याकडे पाहू लागला होता. मग आम्ही आपोआप पाळ्या लावल्या. एक उठला की दुसरा शेजारी बसे. जेवताना एकाने भाकरीची टोपली त्याच्या हाती दिली. त्याने ती स्वतःपुरती ठेवली नाही. न सांगता पुढच्याकडे सरकवली.

वहिनी तोवर आतल्या खोलीत झोपल्या होत्या. ‘पाच मिनिटं पडते’ म्हणून गेल्या, त्या अडीच तासांनी उठल्या. ‘दिवसा अशी झोपले त्याला दोन वर्षं झाली,’ असे त्या ओशाळून म्हणाल्या. आपल्या घरी कोणी अशा माणसाची सेवा करीत असेल, तर त्या बाईची झोप केव्हा होते, हे एकदा विचारून पाहा. आम्हां नऊ जणांपैकी एकालाही हे आजवर सुचले नव्हते. आता महिन्यातून एक रविवार आम्ही वाटून घेतला आहे. पहिली पाळी मी मागून घेतली.

संध्याकाळी सगळे फाट्यावर येऊन उभे राहिलो. मित्राने माझी बाही ओढली.

‘गाडी कितीला आहे?’

‘येईलच आता,’ मी म्हणालो आणि त्याची पिशवी हातात घेतली.