खाकी अंगावर चढण्याआधी कायदा डोक्यात चढला पाहिजे

वस्तीतली पोरं पोलीस भरतीला पळू लागली की ज्येष्ठ मंडळी विचारतात, "रमाबाई नगरात गोळ्या कुणी चालवल्या? खाकी घातली की पोरगा आपला राहतो का?" प्रश्न खोटे नाहीत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात आपली दहा माणसं गेली. ते विसरून आम्ही मैदानात उतरलेलो नाही.

पण इंग्रजांनी लष्करात महारांची भरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहून ती परत मागितली होती. गणवेश ही आपल्या समाजाने हक्काने मागितलेली गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की तो घालून आपण करणार काय?

आम्ही आठ जण, त्यात तीन मुली. पहाटे मुलं १६०० मीटर, मुली ८०० मीटर धावतात. मग १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. लेखीला अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. आगगाडी बोगदा किती सेकंदात ओलांडेल हे आम्हाला तोंडपाठ आहे. पण मार खाऊन ठाण्यात आलेल्या बाईची तक्रार कशी घ्यायची, यावर वेगळा विषय नाही. ते प्रशिक्षणात शिकवतात म्हणे. तोवर थांबायचं नाही, असं आम्ही ठरवलं. त्यालाही कारण घडलं.

आमच्यातल्या एकीच्या घरच्यांना जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण झाली. ठाण्यात त्यांच्या हातावर एनसीची पावती ठेवून "बघतो" म्हणून परत पाठवलं. त्या दिवशी तिथे आपल्या समाजाचा एक शिपाईही हजर होता. तो मान खाली घालून बसला होता.

तेव्हापासून दर रविवारी विहारात आम्ही कायदा वाचतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं : दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यायची, तोंडी असेल तर लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम १८-अ सांगतं : एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. हे कलम २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदनंतर आलं. रस्त्यावर उतरलेल्यांनी ते मिळवलं.

आणि कलम ४? कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद. पण नीट वाचा. हे कलम अनुसूचित जाती-जमातीच्या लोकसेवकाला लागूच नाही! म्हणजे मान खाली घालून बसलेल्या आपल्या माणसाला या कलमाने धरता येत नाही. कायद्याने त्याच्यावर विश्वास टाकलाय. तो विश्वास राखला की नाही, हे समाजानेच विचारायचं.

कुणी म्हणेल, एकटा शिपाई साहेबापुढे काय करणार? गुन्हा नोंदवणं त्याच्या हातात नसेलही. पण समोरच्या बाईला "ताई, प्रत मागा, नाही दिली तर एसपींना लेखी कळवा" एवढं तो सांगू शकतो. त्यासाठी त्याला ते माहीत हवं.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी चौघांना मारलं. खून सिद्ध झाले, पण न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. खटला ठाण्यातल्या पहिल्या कागदापासून उभा राहतो. तो कागद लिहिणारा हात जाणता असला पाहिजे.

म्हणून मित्रांनो, आरक्षणाची जागा मिळवणं ही अर्धीच लढाई. प्रत्येक विहाराच्या अभ्यासिकेत भरतीच्या गाईडशेजारी ॲट्रॉसिटी कायदा आणि त्याचे १९९५ चे नियम ठेवा. भरती झालेल्यांना सत्काराला बोलवा, पण हार घालण्याआधी त्यांना कलम ४ विचारा.

जय भीम! जय संविधान!