यवतमाळ जिल्ह्यांतील वाटा आणि पाळलेलीं कुत्रीं

जुन्या वऱ्हाडाच्या चार जिल्ह्यांपैकीं आग्नेयेकडचा जिल्हा यवतमाळ होय. १९०५ पर्यंत यास वणीचा जिल्हा म्हणत. पूर्वेस वर्धा, दक्षिणेस पैनगंगा, आणि या दोन नद्यांच्या मध्यें टेकड्या, सागाचीं रानें व कपाशीची काळी जमीन असा हा मुलूख आहे. मूर्तिजापुराहून येणारी अरुंद रुळांची गाडी, जिला लोक लाडानें ‘शकुंतला’ म्हणत, ती आतां बंद पडली आहे. वर्ध्याहून कळंबपर्यंतचा रुंद रुळांचा नवा मार्ग २०२४ च्या फेब्रुवारींत खुला झाला. तथापि आम्हीं आपली जुनी वाट सोडली नाहीं; धामणगांवीं उतरून मोटारीनें यवतमाळास गेलों.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशे मीटर उंचीवर आहे. दिवस कितीही तापला तरी पहांटेचा वारा येथें सुखाचा असतो, आणि म्हणून पहांटे फिरावयास निघण्याची हौस सर्व थरांतील लोकांस आहे. २०१९ च्या आरंभीं ९२ वें साहित्य संमेलन याच शहरीं भरलें होतें. पुस्तकांची व व्याख्यानांची आवड असलेलें हें गांव आहे, हें दोन घरीं बसून चहा घेतला कीं समजतें.

या पहांटेच्या फेरींत एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली, आणि ती कांहीं यवतमाळापुरतीच नव्हे. सोंवळ्याओंवळ्याच्या काळांत ब्राह्मणाच्या घरीं कुत्र्यास ओटीच्या वर मज्जाव असे. वैश्वदेवाच्या वेळीं कावळ्याबरोबर कुत्र्याचाही घांस बाहेर ठेवीत, पण तो बाहेरच. आतां तेंच कुत्रें बैठकीच्या गादीवर असतें, त्याचा वाढदिवस होतो, व त्याच्यासाठीं वेगळें अन्न विकत येतें. याबद्दल आमची मुळींच तक्रार नाहीं. एकटीं राहणारीं वृद्ध माणसें व परदेशीं गेलेलीं त्यांचीं मुलें यांच्यामध्यें जें रिकामेपण उरतें, तें पुष्कळ घरांत एका मुक्या जनावरानें भरून काढलें आहे. तक्रार आहे ती फाटकाबाहेर पडल्यानंतरची. कुत्रें पुढें धांवत असतें, धनी वीस पावलें मागें असतो, आणि साखळी धन्याच्या मनगटास गुंडाळलेली असते. समोरून भाजीची पिशवी घेतलेली एखादी बाई येते, कुत्रें तिच्या अंगावर झेपावतें, ती भिंतीस चिकटते, आणि मागून हांक येते, “काकू, भिऊं नका! आमचा मोती कांहीं करीत नाहीं.”

हें वाक्य आपण सर्वांनीं ऐकलें आहे. कित्येकांनीं उच्चारलेंही असेल. बोलणारा खोटें बोलत नसतो. पण मोतीचा स्वभाव त्यास सहा वर्षांच्या सहवासानें कळलेला असतो. काकूंस तो सहा पळांत कळावा अशी अपेक्षा ठेवण्यास आधार कोणता? शिवाय ‘कांहीं करीत नाहीं’ याचा अर्थ चावत नाहीं एवढाच. सत्तर वर्षांची बाई दचकून पडली आणि तिच्या मांडीचें हाड मोडलें, तर मोतीनें दांत लाविला नाहीं या समाधानावर तिला पुढचीं वर्षें अंथरुणांत काढावीं लागतील. रस्ता सर्वांचा आहे. मोकळ्या सुटलेल्या कुत्र्यामुळें त्याच्या धन्याचें आंगण तेवढें वाढतें, आणि बाकीच्यांनीं त्या आंगणांतून परवानगीनें चालावें अशी स्थिति होते.

कळंबास चिंतामणीचें दर्शन घेऊन आम्ही राळेगांवकडे वळलों. या तालुक्यांत रस्त्याच्या दुतर्फा कपाशी आणि तूर, मध्येंच पळसाचीं झुडपें, आणि शेताच्या धुऱ्याला धुरा लागून गेलेल्या पांदणी. याच पांदणींवरून २०१६ पासून २०१८ पर्यंत माणसें जीव मुठींत धरून चालत होतीं. ‘टी-१’ या सरकारी नांवानें व ‘अवनि’ या लोकांनीं दिलेल्या नांवानें ती वाघीण देशभर गाजली. तेरा माणसांचे मृत्यु तिच्या नांवावर घालण्यांत आले. रात्रीं रानडुकरें हांकण्यासाठीं शेतांत जागल करावयाची तर कोणी धजेना. बाया कापूस वेंचावयास निघाल्या तर घोळक्यानें, आणि सूर्य मावळण्याच्या आधीं घरीं. गायकी गुरें रानाच्या कडेस नेईना. तिला पकडावें कीं मारावें हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटीं २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं बोराटीच्या रानांत ती गोळीस बळी पडली. त्या गोळीबद्दलचा वाद पुढेंही पुष्कळ दिवस चालला. त्यांत शिरण्याचा आमचा विचार नाहीं.

आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळेंच. वाघिणीच्या शोधासाठीं रानांत कॅमेरे लाविले, बंदूकधारी आणले, हत्ती आणले. ऑक्टोबर २०१८ च्या आरंभीं या हत्तींपैकीं एक साखळीतून सुटला व रानाबाहेरच्या गांवांत शिरला. त्यानें एका स्त्रीचा जीव घेतला. पुढें वास काढण्यासाठीं बाहेरगांवाहून केन कोर्सो जातीचे दोन कुत्रे आणले. ही इटलींतील जात. अंगानें थोराड, जबडा भक्कम, राखणीसाठीं नामांकित. त्यांपैकीं एक तळावरून निसटला, जवळच्या गांवांत गेला, आणि त्यानें एका स्त्रीवर हल्ला केला.

वाचकांनीं क्षणभर त्या गांवांतील माणसांच्या जागीं स्वतःस कल्पावें. दोन वर्षें जिची भीति बाळगली, ती रानांत; आणि मरण आलें तें राखणीस आणलेल्या, नांवागांवाच्या, धनी असलेल्या जनावराच्या रूपानें. वाघिणीस धनी नव्हता. तिच्या कृत्याचा जाब कोणास विचारणार? हत्तीस व कुत्र्यास मात्र धनी होता, माहूत होता, साखळी होती. वर्तमानपत्रांत त्या मोहिमेचीं रकानेच्या रकाने आले, पण या दोन स्त्रियांस त्यांत दोनचार ओळींपेक्षां अधिक जागा क्वचितच मिळाली.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं हा प्रश्न विचारांत घेतला होता, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायांत असें सांगितलें आहे कीं, दाढा-सुळे असलेल्या वा शिंगांच्या जनावरापासून मनुष्यास सोडविण्याचें सामर्थ्य असूनही जो धनी सोडवीत नाहीं, त्यास प्रथम साहस दंड करावा. आणि त्या मनुष्यानें ओरडून हांक मारलेली असतांही धनी स्वस्थ राहिला, तर दुप्पट. त्याच स्मृतीच्या मापानें प्रथम साहस म्हणजे २७० पण. दुपटीचें कारण उघड आहे. हांक ऐकल्यावर ‘मला कळलें नाहीं’ ही सबब उरत नाहीं. मनगटास साखळी गुंडाळून ‘कांहीं करीत नाहीं’ म्हणणारे आमचे मित्र या हिशेबानें दुसऱ्या वर्गांत पडतात! स्मृतिकारांनीं जनावराच्या स्वभावाची चौकशी केलेली नाहीं, तें पूर्वीं कधीं चावलें होतें काय असेंही विचारलें नाहीं. धन्याचें सामर्थ्य व त्याचा आळस एवढेंच पाहिलें.

आजचा कायदाही याहून फार दूर नाहीं. मुंबईचा १९५१ चा पोलीस कायदा, ज्यास आतां महाराष्ट्राचें नांव आहे, तो यवतमाळास उशिरानें लागला, कारण १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्यप्रदेशांत होता. त्या कायद्याप्रमाणें क्रूर कुत्र्यास मुसक्यावांचून रस्त्यांत मोकळा सोडणें, अथवा कुत्रें कोणाच्या अंगावर घालणें हा गुन्हा आहे. मळणीच्या बैलास मुसकें बांधणाऱ्या शेतकऱ्यास ही कल्पना समजावून सांगावी लागत नाहीं. बंगल्यांत राहणारास मात्र ती अपमानाची वाटते. जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमांत, आपल्या ताब्यांतील जनावरापासून माणसाच्या जिवास धोका पोंचूं नये इतपत काळजी न घेणारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीही, सांगितले आहेत. पूर्वीच्या दंडविधानांत हाच दंड एक हजाराचा होता. म्हणजे कायद्याची उणीव नाहीं. उणीव आहे ती शेजाऱ्याशीं वाईटपणा कोण घेणार या आपल्या भिडेची.

येथें खेड्यांतील कुत्र्यांविषयीं थोडें लिहिलेंच पाहिजे, कारण शहरी माणूस दोहोंस एकाच मापानें मोजतो. दारव्हा, दिग्रस, पुसद या बाजूस बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ आहेत. एके काळीं बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून हे लोक देशभर हिंडत, आणि त्यांचीं कुत्रीं मुक्कामावर मालाची राखण करीत. आज लमाणांचे बैल गेले, पण तांड्यावर परका माणूस आला तर कुत्रें अजून वर्दी देतें. शेतांतील जागलीवरही कुत्र्यावांचून भागत नाहीं. रानडुकरांचा कळप आला कीं जागल्याच्या आधीं तें उठतें. या कुत्र्यास कामाची हद्द माहीत असते व धनीही जवळच असतो. धुऱ्याच्या आंत तें वाघ, आणि पांदणीवर आलें कीं शेंपूट हालवितें, असें आम्हीं पुष्कळदां पाहिलें. पण म्हणून तेथें सारेंच ठीक आहे असें नव्हे. लस टोंचण्याच्या बाबतींत खेडें शहराच्या फार मागें आहे, आणि एकदां मूल चावलें गेलें कीं जखमेवर तिखट किंवा चुना भरण्याची घातक चाल अजून अगदींच गेलेली नाहीं.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाची लक्षणें दिसूं लागलीं कीं वैद्यकशास्त्राचे हात टेंकतात, हें प्रत्येक घरांत ठाऊक असावें. पाश्चर यानें १८८५ सालीं पहिल्या मुलास लस टोंचली. आपल्याकडे कसौलीची संस्था १९०० मध्यें निघाली, व पूर्वीं दूरदूरच्या प्रांतांतून माणसें रेल्वेनें तेथवर जात. पोटांत घ्याव्या लागणाऱ्या चौदा सुयांची आठवण घरांतील वडील माणसें अजून अंगावर शहारा आणून सांगतात. ती लस आतां गेली. दंडांतील थोड्याच सुयांनीं काम भागतें. पण आधीं जखम साबण व वाहतें पाणी यांनीं पुरीं पंधरा मिनिटें धुवावी, आणि तिखट-हळद यांपैकीं कांहींही न लावतां त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा. चावलेलें कुत्रें घरचें असलें तरी हें टाळूं नये. कुत्र्यास तिसऱ्या महिन्यांत लस व पुढें दर वर्षीं पुन्हां, हा धन्याचा खर्च. तो झेपत नसेल त्यानें कुत्रें पाळूं नये, हें आम्ही स्पष्टच लिहितों.

पांढरकवड्याहून टिपेश्वर जवळ आहे. १९९७ सालीं घोषित झालेलें हें अभयारण्य सुमारें दीडशे चौरस किलोमीटरांचें. सागाचें रान, गवताचीं कुरणें, बारमाही पाण्याचे झरे. येथेंही कुत्र्याचा प्रश्न आहेच, पण तो माणसाच्या अंगानें नव्हे. कडेच्या गांवांतील मोकळीं कुत्रीं चितळांच्या पाडसांमागें धांवतात, हें एक. आणि त्यांच्याबरोबर त्यांचे रोगही रानांत जातात, हें दुसरें व अधिक भयंकर. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत, राळेगांवास वाघिणीचा शोध चालला होता त्याच दिवसांत, तिकडे गीरच्या रानांत वीसांहून अधिक सिंह दगावले. त्यांपैकीं कित्येकांत कुत्र्यांस होणाऱ्या डिस्टेंपर नांवाच्या रोगाचे जंतु सांपडले. गांवच्या एका कुत्र्यास न टोंचलेली लस वनराजास कशी भोंवूं शकते, हें शिकविण्यास यापेक्षां मोठा धडा नको.

या टिपेश्वरच्याच एका तरुण वाघाच्या गळ्यांत २०१९ च्या आरंभीं वनखात्यानें ठिकाण कळविणारा पट्टा बांधला. त्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडावर तो रान सोडून निघाला. शेतें, ओढे, हमरस्ते ओलांडीत, महाराष्ट्रांतील व तेलंगणांतील कित्येक जिल्ह्यांतून तो सुमारें ३,००० किलोमीटर चालला, आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत जाऊन राहिला. तो कोठें आहे हें त्या सर्व महिन्यांत कोणाला तरी ठाऊक होतें. सुन्नाच्या फाटकाशीं उभे असतां आम्हांस ही हकीकत ऐकावयास मिळाली. परत येतांना पांढरकवड्याच्या रस्त्यावर एक धिप्पाड विलायती कुत्रें मोकळें हिंडतांना दिसलें. गळ्यांत चांगल्या चामड्याचा पट्टा होता, त्यास पितळी घुंगरूंही होतें. धनी कोण, म्हणून आम्हीं पानवाल्यास विचारलें. “इथंच कुठं असतीन,” तो म्हणाला, व आमची वणीची मोटार आली.