सुरैया, कृत्तिका, सुबारू

माझ्या अम्मीचं नाव सुरैया. मराठीत कृत्तिका, जपानीत सुबारू, तारकापुंज एकच. म्हणून त्या जपानी गाड्यांविषयी मला उगाच जिव्हाळा.

त्यांची 'लिओने' जुनी झाली, तेव्हा 'लेगसी' या मध्यम आकाराच्या कौटुंबिक गाडीसाठी इंजिनच नवं घडवलं. आडवं बॉक्सर: समोरासमोरचे पिस्टन एकदमच बाहेर जातात, एकदमच आत येतात, हादरे परस्पर जिरतात. इंजिन बुटकं, त्यामुळे भार जमिनीलगत. ऑल-व्हील-ड्राइव्ह प्रकारात जोर चारही चाकांना.

पण कोऱ्या इंजिनावर भरवसा कोण ठेवणार? जानेवारी १९८९मध्ये ॲरिझोनात ती १,००,००० किलोमीटर पळवली. सरासरी ताशी २२३, साडेअठरा दिवसांहून थोडं जास्त.

अम्मीला सांगितलं, तर म्हणाली, "आणि चालवणारे जेवले कधी?"

"पाळ्या होत्या, अम्मी."