मोटारघराचा मागील धनी

अमेरिकेच्या इंडियाना राज्यांत, उत्तर सीमेजवळ, एल्खार्ट नांवाचें एक गांव आहे. वस्ती सुमारें पन्नास हजारांची. एल्खार्ट व सेंट जोसेफ या दोन नद्यांचा संगम गांवांतच होतो, आणि तेथील बेटावर नगरवासीयांनीं एक सुरेख उद्यान राखलें आहे. संगम म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें कृष्णा-कोयनेचें कऱ्हाड उभें राहतें. परंतु येथें घाट नाहीं, देऊळ नाहीं, घंटेचा नाद नाहीं. या गांवाची कीर्ति निराळ्याच कारणानें आहे. एके काळीं तें पितळी वाद्यांच्या कारखान्यांबद्दल प्रसिद्ध होतें. पुढें १९३१ सालीं पाण्यांत टाकतांच फसफसणारी आल्का-सेल्त्झर नांवाची गोळी येथील औषधशाळेनें बाजारांत आणली. आणि आज अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या चालत्या घरांपैकीं बहुतांश घरें याच टापूंत बांधलीं जातात.

चालतें घर म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. लहानशा बसएवढें वाहन. आंत बिछाने, गॅसची शेगडी, शीतकपाट, न्हाणी, शौचकूप आणि स्वच्छ व सांडपाण्याच्या निरनिराळ्या टांक्या. कांहीं घरें मोटारीमागें जोडून ओढावयाचीं असतात, तर कांहींना स्वतःचें इंजिन असतें. या दुसऱ्या प्रकारास मी मोटारघर म्हणतों. त्याचा सांगाडा व इंजिन एका कारखान्यांत तयार होतें, आणि मग एल्खार्टसारख्या ठिकाणीं त्यावर घर चढवितात. असे त्याचे दोन जन्म होत असल्यामुळें मी थट्टेनें त्यास 'द्विज' म्हणत असें. गंमत अशी कीं, हीं वेगवान घरें बांधणाऱ्या कामगारांत आमिश पंथाचे लोक पुष्कळ आहेत. आणि ते स्वतः मोटार बाळगीत नाहींत, घोड्याच्या टांग्यांतून फिरतात! गांवाबाहेरील रस्त्यांवर ते काळे टांगे मीं डोळ्यांनीं पाहिले.

गेल्या उन्हाळ्यांत मी व सौ. शिकागोजवळ राहणाऱ्या आमच्या चिरंजीवाकडे होतों. त्यानें एका व्यापाऱ्याकडून बारा वर्षें वापरलेलें मोटारघर विकत घेतलें होतें. आम्ही दोघें, तीं दोघें व दोन नातवंडें मिळून मिशिगन सरोवराच्या कांठीं जावें, असा बेत ठरला. परंतु पहिल्याच मोठ्या पावसानंतर मागच्या कपाटांतून कुबट वास येऊं लागला. व्यापारी म्हणाला, "आम्ही जसें घेतलें तसें विकलें, अधिक माहिती नाहीं." म्हणून जेथें ही विद्या नांदते तेथेंच दाखवावें, या विचारानें आम्ही एल्खार्टला गेलों. शिकागोहून अंतर सुमारें १७५ किलोमीटर; वाटेंत घड्याळ मात्र एक तास पुढें करावें लागतें.

तेथील कारागिरानें छतावर चढून पाहिलें. या घरांचें छत बहुधा रबरी चादरीनें मढविलेलें असतें, आणि झरोके व नळ्या जेथें बाहेर पडतात तेथील सांधे चिकट लेपानें बुजविलेले असतात. लेप उन्हानें तडकला कीं पाणी शिरतें. आंतील लांकडी चौकटीवरून वाहत जातें, आणि शिरतें एकीकडे तर दिसतें भलतीकडेच. लांकूड कुजलें तर भिंतच पोकळ होते. तो म्हणाला, "छताची एकदां दुरुस्ती झालेली आहे. कशामुळें व कोठवर, हें आधींचा धनी सांगेल तर एक फळी काढून काम होईल. नाहीं तर अर्धी भिंत उकलावी लागेल."

दुसऱ्या गिऱ्हाइकांचीं कामें हातावेगळीं होईपर्यंत वेळ होता, म्हणून आम्ही या वाहनांच्या संग्रहालयांत गेलों. १९१३ सालची एक ओढगाडी तेथें आहे. लांकडी, अरुंद, आपल्याकडील दमणीची आठवण करून देणारी. मे वेस्ट या नटीचें १९३१ सालचें मोटारघरहि तेथें ठेवलें आहे. तें पाहतांना मला शूद्रकाचें मृच्छकटिक आठवलें. त्याच्या सहाव्या अंकाचें नांवच 'प्रवहणविपर्यय', म्हणजे गाड्यांची अदलाबदल. चारुदत्ताची समजून वसंतसेना शकाराच्या गाडीत चढते, आणि तेवढ्यानें तिचा जीव धोक्यांत येतो. गाडी कोणाची, हें चढण्यापूर्वीं विचारावें, ही शिकवण कवीनें अनेक शतकांपूर्वीं देऊन ठेवली आहे!

वाहन स्वतःहि कांहीं सांगतें, नाहीं असें नाहीं. बैलाचें वय दांतांवरून ओळखतात, तसें टायरचें वय त्यावरील शेवटच्या चार आंकड्यांवरून कळतें. '३२१८' असें असेल तर तो २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यांत तयार झाला. १९८१ पासून प्रत्येक मोटारीस सतरा अक्षरांकांची ओळख दिलेली असते. एक व शून्य यांशीं घोटाळा होऊं नये म्हणून त्यांत आय, ओ व क्यू हीं इंग्रजी अक्षरें वापरीत नाहींत. त्या ओळखीवरून, कारखान्यानें दोष दुरुस्त करण्यासाठीं तें वाहन परत बोलावलें होतें कीं काय, हें सरकारी खात्याकडून विनामूल्य कळतें. पुरांत बुडाल्याची किंवा अपघातांत मोडल्याची नोंद मालकीच्या दप्तरांत झाली असेल तर तीहि सांपडते. परंतु ज्या डागडुजीची कोठेंच नोंद झाली नाहीं, ती सांगणार कोण? तिची स्मृति माणसापाशींच असते.

त्या माणसाचें नांव आम्हांस ठाऊक होतें. टेबलाखालील खणांत दुरुस्तीच्या जुन्या पावत्या होत्या, त्यांवर नांव व गांव होतें. शिवाय निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. पहिल्या पानावर बायकी वळणाच्या अक्षरांत, सकाळीं निघण्यापूर्वीं करावयाच्या गोष्टींची यादी होती. पुढें प्रवासाच्या तारखा व मजकूर. सूनबाईनें पहिलें पान पाहून वही मिटली. ती म्हणाली, "अण्णा, ही दुसऱ्यांच्या संसाराची वही आहे. आपण वाचूं नये. ज्यांची त्यांना पोंचवावी."

चिरंजीव म्हणाला, "नांवावरून पत्ता शोधायला पांच मिनिटें पुरेत. एल्खार्टहून परततांना वाटेंतच त्यांचें गांव लागतें. जाऊं या का?"

मी म्हटलें, "नको. परका माणूस अवचित दाराशीं उभा राहिला तर म्हाताऱ्या माणसाच्या मनांत काय येईल? आपणांस प्रश्न आहे म्हणून त्यांनीं दार उघडलेंच पाहिजे, असें होत नाहीं."

या बाबतींत त्या देशाचा कायदाहि कडक आहे. १९८९ सालीं कॅलिफोर्नियांत एका तरुण नटीचा तिच्या घराच्या दारांत खून झाला. मारेकऱ्यानें गुप्तहेरामार्फत मोटार-खात्याच्या दप्तरांतून तिचा पत्ता मिळविला होता. पुढें १९९४ सालीं मध्यवर्ती सरकारनें कायदा केला कीं, मोटार-खात्यानें वाहनधारकाचें नांव, पत्ता इत्यादि खासगी माहिती ठराविक कारणांवांचून कोणास देऊं नये. तेव्हां नुसता नवा धनी म्हणून सरकारी कचेरींत विचारणा करणें व्यर्थ होतें. परंतु ज्या व्यापाऱ्यानें मोटारघर त्यांच्याकडून घेतलें, त्याच्यापाशीं पत्ता असणारच. त्यानें पत्ता आम्हांस द्यावयाचा नाहीं. आमचें पत्र त्यांच्याकडे धाडावयाचें. व्यापारी तेवढ्यास तयार झाला.

पत्राचा मसुदा मीं सांगितला व चिरंजीवानें इंग्रजींत लिहिला. आम्ही कोण, वाहन कोणतें, हें आरंभीं. किंमतीबद्दल वा विक्रीबद्दल तक्रार नाहीं, हें दुसऱ्या वाक्यांत. कारण जुन्या गिऱ्हाइकाचें पत्र म्हणजे भांडण, अशी भीति प्रथम वाटते. मग तीनच प्रश्न : छतास काय झालें होतें, आंत आणखी काय जुनें झालें आहे, आणि मुलांना घेऊन जातांना कशास जपावें. शेवटीं, वही आमच्यापाशीं सुरक्षित आहे, ती कोठें पाठवावी तें कळवावें. उत्तर देणें न देणें सर्वस्वी आपल्या मर्जीवर.

आठव्या दिवशीं दूरध्वनि आला. ऐंशीच्या घरांतील गृहस्थ. आवाज सावकाश पण स्वच्छ. वादळांत झाडाची फांदी पडून मागच्या डाव्या झरोक्याजवळ चादर फाटली होती. तो ठिगळ त्यांनीं स्वतःच्या हातानें लावला होता, आणि विकतांना व्यापाऱ्यास तसें सांगितलेंहि होतें. मग ते किंचित् थांबले व म्हणाले, "जमिनीलगत गॅसची सूचना देणारी पेटी आहे. बायको ती बदला म्हणून सांगत होती. मी आज-उद्यां करीत राहिलों. पुढें तीच गेली, आणि मग मीं त्या घराकडे पाहिलेंच नाहीं. मुलें आंत निजण्यापूर्वीं ती बदला."

शेगडीचा हा गॅस हवेपेक्षां जड, म्हणून गळला कीं खालीं सांचतो. याकरितां पेटी जमिनीलगत बसवितात. तिचें आयुष्य साधारण पांच ते सात वर्षांचें. आम्हीं मागील बाजूची तारीख पाहिली, तों ती घराइतकीच जुनी! दिवा हिरवा दिसत होता, म्हणून कोणास शंका आली नव्हती. ही गोष्ट कोणत्याहि दप्तरांत नोंदलेली नव्हती. ती एका वृद्धाच्या मनांत, पत्नीच्या न पाळलेल्या शब्दासारखी सलत राहिली होती. आणि विचारणारा भेटला म्हणून बाहेर आली. त्याच दिवशीं ती पेटी व तिच्या जोडीची विषारी धुराची पेटीहि बदलली. ठिगळाजवळची एक फळी काढून कारागिरानें छताचें काम दोन दिवसांत उरकलें.

भेटीचा विषय निघाला, तेव्हां ते सौम्यपणें नको म्हणाले. वही मात्र त्यांनीं आपल्या मुलीच्या पत्त्यावर मागितली. "पहिल्या पानाची नक्कल करून घ्या," ते म्हणाले, "तिची यादी कधीं चुकली नाहीं."

सूनबाईनें ती यादी मराठींत उतरून पुढच्या कांचेजवळ लावली आहे : पायरी आंत घेतली का, छताचे झरोके मिटले का, गॅसची चावी बंद का, खणांच्या कड्या लावल्या का, चाकांखालचे ठोकळे काढले का. थोरली नात ती मोठ्यानें वाचते व सर्वांनीं एकेका प्रश्नास 'होय' म्हणावयाचें. कार्यारंभीं पुण्याहवाचन करणाऱ्या आपल्या मंडळींस या पद्धतीचें मर्म सांगावयास नको. अशा थाटानें आम्ही इंडियाना ड्यून्सच्या वाळूच्या टेकड्या पाहून आलों. १९०० नंतरच्या कारखानदारींतूनहि वांचलेला हा सरोवरकांठ २०१९ सालीं राष्ट्रीय उद्यान झाला आहे. चार रात्री मुलें आंत स्वस्थ निजलीं.

आपल्याकडे मोटारघरें अद्याप विरळा. पण जुनी मोटार, जुना वाडा, जुनी विहीर घेण्याचा प्रसंग पुष्कळांवर येतो. तेव्हां कागद तपासावेत, जाणत्यास दाखवावें, आणि मागील धन्यासहि एकदां अदबीनें विचारावें. तो जिवंत आहे व त्याला आठवतें आहे, तोंवरच तें साधतें. चिरंजीवानें आतां मोटारघराच्या कागदपत्रांत एक कोरा तक्ता घातला आहे. त्यांत प्रत्येक दुरुस्तीची तारीख लिहितो, आणि माथ्यावर पुढील धन्यासाठीं आपलें नांव व पत्ता देऊन एवढेंच लिहिलें आहे : "कांहीं विचारावयाचें असल्यास संकोच करूं नये."